वसंतातला बर्फ: पहाटेच्या कडकपणावर विसंबू नका

गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालाय, बीकन (गाडलेल्याची जागा दाखवणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हाताळता येतं, हिमस्खलनासाठी 30 ते 45 अंशांचे उतार सर्वांत घातक हे पाठ आहे, असं धरून लिहितेय. वसंतात मात्र हिवाळ्यात शिकलेलं अर्धंच कामाला येतं.

हिवाळ्यातल्या हिमस्खलनाच्या बहुतेक अपघातांत स्लॅब, म्हणजे बर्फाचा एकसंध थर, सुटतो तो अडकलेल्याच्या किंवा त्याच्याच टीममधल्या कुणाच्या वजनाने. वसंतातलं ओलं हिमस्खलन कुणाच्या पावलाची वाट पाहत नाही. ऊन तापतं, वितळलेलं पाणी थरांत झिरपतं, कणांना धरून ठेवणारे सांधे सुटतात आणि उतार आपोआप खाली येतो. त्यामुळे त्या उतारावर पाय न ठेवणं पुरेसं नाही. त्याच्या खालून तुम्ही किती वाजता जाताय, तेही बघावं लागतं.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त छळलं, ती. आपण हवामानाच्या अंदाजात रात्रीचं तापमान बघतो, शून्याखालचा आकडा दिसला की बर्फ गोठला असं धरून चालतो. पण बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत असतो. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर हवेचं तापमान शून्याच्या दोन-तीन अंश वर असूनही पृष्ठभाग गोठतो. ढग आले की तीच उष्णता बर्फाकडे परत येते. मग पारा शून्याच्या आसपास असला तरी आदल्या दिवशी भिजलेला बर्फ रात्रभर ओलाच राहू शकतो. खरी फसगत पुढे आहे. रात्रभर ढग आणि पहाटे तासभर आभाळ मोकळं, असं झालं की वर पातळ कवच धरतं. चार वाजता निघालात की क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखालचे धातूचे काटे, छान रुततात, आवाजही कडक येतो, सगळे खूश. खाली मात्र गाळ असतो.

म्हणून रात्री एकदा तंबूची चेन उघडून चांदण्या दिसतात का ते बघा. निघाल्यावर पहिल्याच उतारावर आइस ॲक्सने (बर्फाच्या कुदळीने) कवच फोडा. बोटभर जाडीखाली भुसभुशीत बर्फ लागला तर तो मुठीत घेऊन दाबा. पाणी निथळलं तर परत फिरा. तिथे चर्चा करत उभं राहू नका, मतदान तर मुळीच घेऊ नका.

याची धास्ती घेऊन डोंगर सोडायचं कारण नाही. निरभ्र रात्रीनंतर जाड गोठलेला बर्फ हा चालायला फार भरवशाचा असतो, फक्त त्याला वेळेची मर्यादा आहे. उत्तर गोलार्धात पूर्वेकडचे उतार आधी तापतात, मग दक्षिणेचे, दुपारी पश्चिमेचे. परतीची वाट कुठल्या अंगाने आहे ते बघून वेळ उलटी मोजत या आणि निघायची वेळ ठरवा. वरून बर्फाचे गोळे गडगडत येऊ लागले, बूट घोट्याच्या वर रुतू लागला, की तुमची वेळ संपली. जमिनीपर्यंत गेलेल्या लांब भेगा दिसल्या तर त्यांच्या खाली कधीच थांबू नका. तो बर्फ गारठलेल्या रात्रीही सुटतो.

ओलं हिमस्खलन कोरड्यापेक्षा हळू येतं, म्हणून पळून जाता येईल असं अनेकांना वाटतं. तसं समजू नका. तो बर्फ फार जड असतो आणि थांबताक्षणी सिमेंटसारखा आवळतो. गाडला गेलेला माणूस साधारण पहिल्या 10 मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या आसपास असते, नंतर ती झपाट्याने घसरते. बीकन जागा दाखवतो, खणावं तुम्हालाच लागतं. फावड्याचा सराव अशाच घट्ट, ओल्या बर्फात करा.

आणि गुरू निवडताना, त्याने किती शिखरं केली ते विचारू नका. कुठून आणि का परत फिरला, ते विचारा. ‘हा उतार मी वर्षानुवर्षं करतोय’ एवढाच ज्याचा आधार आहे, त्याच्या दोराला मी स्वतःला बांधणार नाही. मोबाइलवरचे उताराचे नकाशे चांगले आहेत, पण काल रात्री ढग होते का ते त्यांत दिसत नाही.

उशीर झालाच आणि खालचा उतार तापलेला असेल, तर उतरायची घाई करू नका. वर बर्फाचं छज्जं लटकत नसेल अशा खडकाळ धारेवर बसून राहा, सावली येऊन बर्फ पुन्हा घट्ट धरेपर्यंत. त्यासाठी सॅकमध्ये जास्तीचं जॅकेट, हेडलॅम्प आणि खाणं रोज ठेवा.