ह्वांगेच्या पाणवठ्यावर बसणार असाल तर या चुका टाळा

बुद्धपौर्णिमेला ताडोबा-मेळघाटात मचाणावर रात्र काढलेल्यांना झिम्बाब्वेतल्या ह्वांगेची पाणवठ्यांवरची प्राण्यांची मोजणी लगेच ओळखीची वाटेल. ह्वांगे राष्ट्रीय उद्यान सुमारे 14,600 चौरस किलोमीटरचं, पण कोरड्या हंगामात बहुतेक भागात पाणी असतं ते बोअरवेलमधून तळ्यांत सोडलेलंच. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, कोरडा हंगाम संपता संपता, पौर्णिमेला स्वयंसेवक या पाणवठ्यांवर दुपारी बारापासून दुसऱ्या दिवशी बारापर्यंत प्राणी मोजत बसतात. गाडी, इंधन, जेवण सगळं स्वतःचं. महागाईनं चलन इतकं कोसळलं होतं की 2009 साली या देशानं 100 लाख कोटी डॉलरची नोट छापली. सरकारी खजिन्यावर विसंबून तिथे जंगलाची नोंद राहिली नसती, म्हणून स्वयंसेवकांच्या या नोंदवह्यांचं मोल मोठं.

नुसता आकडा लिहून थांबणं

गेल्या वर्षी अमुक हत्ती, यंदा निम्मे, म्हणजे निम्मे मेले, असा हिशेब करू नका. एक अवकाळी सर पडली की रानातले खड्डे भरतात आणि हत्ती तुमच्या तळ्याकडे फिरकतही नाहीत. पंप बंद असेल तर कळप शेजारच्या पाणवठ्यावर जातात. म्हणून तक्त्यात शेवटचा पाऊस कधी पडला, पंप चालू होता का, तळ्यात पाणी किती होतं, आभाळ कसं होतं, हे आधी लिहा. एकही प्राणी आला नाही तर शून्य लिहा. रकाना कोरा ठेवलात तर कुणी बसलंच नव्हतं असं वाटेल. जिराफ पाण्यावाचून बरेच दिवस काढतो, त्यामुळे तो दिसला नाही म्हणून घाबरू नका.

एकच कळप दोनदा मोजणं

सांजावताना हत्तींचे कळप एकामागून एक उतरतात आणि एकमेकांत मिसळतात. मोजायचं ते येताना, जाताना नाही. वेळ, आलेली दिशा आणि पिल्लं किती, एवढं लिहिलं की शेजारच्या पाणवठ्याच्या वहीशी ताडून पाहता येतं. रानरेड्यांचा मोठा कळप असेल तर दहा-दहाच्या गटांनी मोजा आणि 'अंदाजे' हा शब्द लिहायला लाजू नका. पहाटे दोन ते चार डोळे मिटतातच, तेव्हा पाळ्या आधीच लावून घ्या.

मेलेला हत्ती पाहून कारण ठरवणं

मला सर्वांत जास्त काळजी या चुकीची वाटते. 2013 मध्ये चोरट्या शिकाऱ्यांनी ह्वांगेत सायनाइड वापरून शंभरच्या आसपास हत्ती मारले, आणि ते मांस खाऊन गिधाडंही मेली. तेव्हापासून हत्ती पडलेला दिसला की विषाचाच संशय येतो. पण 2020 साली देशाच्या वायव्य भागात पस्तीस हत्ती मेले. पुढे तपासणीत जिवाणूसंसर्ग निघाला आणि 2023 मध्ये तसा शोधनिबंध आला. त्या हत्तींचे सुळे जागेवरच होते. म्हणून सुळे आहेत की कापलेत, आसपास गिधाडं मेलेली आहेत का, प्रेत किती जुनं, हे लिहा आणि लांबून फोटो काढा. हात लावू नका, जवळचं पाणी किंवा हत्ती चाटतात ते मीठ चाखू-हुंगू नका. रेंजरला जागा कळवून बाजूला व्हा. 'विष' हा शब्द प्रयोगशाळेचा आहे, आपला नाही. ज्या देशात सरकार, परवान्यानं शिकार करणारे आणि पर्यावरणवाले एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत, तिथे एक चुकीचा आरोप पुढच्या दहा खऱ्या नोंदी बुडवतो.

गेंड्याचा फोटो लगेच टाकणं

फोनच्या फोटोत ठिकाण नोंदलं जातं. गेंड्याच्या शिंगामागे असलेल्यांना तेवढं पुरतं. कॅमेऱ्यातलं लोकेशन घरूनच बंद करून निघा. पाणवठ्याचं नाव, ओळखता येईल असं झाड किंवा फलकही फोटोत येऊ देऊ नका. नोंद थेट उद्यानाच्या अधिकाऱ्याच्या हाती द्या, गटाच्या व्हॉट्सअॅपवर नाही.