रंगाची घाई नको: जुनी सिंगल-सीटर रेसगाडी पुन्हा उभी करताना या चुका टाळा

डावीकडच्या वळणात गाडी पुढून वाहत जाते, उजवीकडच्या वळणात मागून सुटते. जुन्या सिंगल-सीटर गाड्यांबद्दल मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार हीच. तोवर त्या माणसाने स्प्रिंगा बदललेल्या असतात, अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) घट्ट-सैल करून पाहिलेला असतो, टायरची हवा कमी-जास्त केलेली असते. बहुतेक वेळा दोष यांपैकी कशातच नसतो. गाडी जोडताना जे मोजायचं राहिलं, ते आता ट्रॅकवर बोलत असतं. दुरुस्तीतली उणीव सेटअपने, म्हणजे उंची, वजन आणि चाकांचे कोन जुळवून, भरून निघत नाही, म्हणून या लेखात सेटअप बराच खाली येईल.

मी बोलतोय ते फॉर्म्युला व्ही आणि फॉर्म्युला फोर्ड यांच्या जातकुळीतल्या गाड्यांबद्दल. पहिला वर्ग १९६३ मध्ये अमेरिकेत अधिकृत झाला. दुसऱ्याची पहिली शर्यत १९६७ मध्ये इंग्लंडात ब्रँड्स हॅचला झाली. एकात फोक्सवॅगन बीटलचं १२०० सीसीचं हवेने थंड होणारं इंजिन, दुसऱ्यात फोर्डचं १६०० सीसीचं केंट इंजिन. दोन्हींत नळ्यांची चॅसिस (सांगाडा), पंख नाहीत, आणि बरेच भाग रस्त्यावरच्या साध्या गाडीतून घेतलेले. हौशी माणसाने आपल्या हाताने सांभाळावी म्हणूनच ही गाडी जन्मली. त्यामुळे तिच्यात आपण करू शकत नाही असं फार थोडं आहे, पण घाईने बिघडवता येण्यासारखं भरपूर आहे.

न मोजता गाडी सुटी करणं

पाना हातात घेण्याआधी मोजपट्टी घ्या. गाडी चाकांवर उभी असताना दोन्ही बाजूंचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), जमिनीपासूनची उंची, प्रत्येक चाकाचा कॅम्बर (उभा कल) आणि टो (पुढची कड आत-बाहेर वळलेली असणं) लिहून ठेवा. डाव्या आणि उजव्या बाजूच्या व्हीलबेसमध्ये फरक दिसला, तर काहीतरी वाकलंय हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळतं.

सुटं करताना प्रत्येक रॉड एंड (दांड्याच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) किती फेऱ्यांनी बाहेर आला ते मोजा. प्रत्येक ब्रॅकेटखाली किती जाडीच्या किती शिम (पातळ पट्ट्या) होत्या, त्याही त्याच बोल्टला तारेने बांधून ठेवा. फोटो काढाच, पण फोटोत शिमची जाडी दिसत नाही. या नोंदी असल्या की जोडणीच्या दिवशी गाडी निदान होती तिथे तरी परत येते.

रंग आधी, तपासणी नंतर

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. मोकळी चॅसिस पाहिली की हात शिवशिवतात. ती साफ करून, पावडर कोटिंग करून घरी आणली की काम निम्मं झाल्यासारखं वाटतं. मग सहा महिन्यांनी खालच्या विशबोनच्या (चाक धरणाऱ्या त्रिकोणी दांड्याच्या) ब्रॅकेटशी नव्या रंगावर केसाएवढी तपकिरी रेघ उमटते. नखाने खरवडली तर रंगाचा पापुद्रा निघतो आणि खाली तडा. माझ्या पहिल्या गाडीत तो तडा नळीच्या अर्ध्या घेरापर्यंत गेला होता. तो रंगाच्या आधीही तिथेच होता, मी पाहिला नव्हता इतकंच. पावडर कोटिंगचा थर जाड आणि लवचिक असतो, तो असे तडे बराच काळ झाकून ठेवतो.

आधी चॅसिस सरळ आहे का ते बघा. ती चार स्टँडवर ठेवा आणि गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी लावून चारही कोपरे एका पातळीत आणा. मग डाव्या-उजव्या जोडीच्या प्रत्येक ब्रॅकेटमधून ओळंबा सोडा आणि तो जिथे टेकतो तिथे जमिनीवर खडूने खूण करा. चॅसिस बाजूला सरकवली की गाडीचा नकाशाच जमिनीवर उरतो. समोरासमोरच्या खुणांमधून कर्ण आखा. त्यांचे छेद एका सरळ रेषेत आले पाहिजेत. दोन-तीन मिलिमीटरचा फरक या गाड्या नव्या असतानाही सापडायचा. दहा मिलिमीटर आला, तर गाडी कुठेतरी आदळलेली आहे. ओळंब्याने पीळ दिसत नाही, म्हणून त्याच जोड्यांची उंचीही पातळीच्या नळीने तपासा.

मग प्रत्येक सांधा तारेच्या ब्रशने उघडा करा. इथे आणखी एक खाच आहे. त्या काळच्या कितीतरी ब्रिटिश चॅसिस पितळी झाळकामाने, म्हणजे ब्रेझिंगने जोडलेल्या आहेत. सांध्याच्या कडेला सोनेरी झाक दिसली, तर त्यावर मिग किंवा टिग वेल्डिंग करू नका. पितळातलं वितळलेलं तांबं स्टीलच्या कणांच्या फटींत शिरतं आणि जोडाशेजारीच नवा तडा जातो. ब्रेझिंगची दुरुस्ती ब्रेझिंगनेच, किंवा नळीचा तेवढा तुकडा कापून नवा.

काही गाड्यांत रेडिएटरचं पाणी चॅसिसच्याच नळ्यांतून मागे जातं. त्या नळ्या आतून गंजतात, आणि गंजाचे पापुद्रे नव्या रेडिएटरमध्ये जाऊन बसतात. इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट आणि पंप बदलणाऱ्याने आधी तिकडे बघावं. चॅसिसला सँडब्लास्टिंग करणार असाल, तर नळ्यांची उघडी तोंडं बंद करा, नाहीतर ती वाळू पुढची कित्येक वर्षं कुठून ना कुठून गळत राहते.

चकाकी म्हणजे मजबुती नव्हे

विशबोन आणि स्टब अॅक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड आस) क्रोम केले की गाडी देखणी दिसते. पण क्रोमखालचा तडा दिसत नाही. शिवाय प्लेटिंग करताना कठीण स्टीलमध्ये हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं. प्लेटिंगनंतर लगेच साधारण १९० ते २०० अंश सेल्सिअसला कित्येक तास भट्टीत ठेवलं तरच तो धोका कमी होतो, आणि साधी प्लेटिंग करणारे हे न सांगता करत नाहीत. स्टब अॅक्सल, स्टिअरिंग आर्म आणि ड्राइव्ह शाफ्ट यांची मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबक आणि लोखंडी भुकटीने तडे दाखवणारी) तपासणी करून घ्या. मॅग्नेशियमच्या चाकांना आणि अपराइटना (चाकाचा आस धरणाऱ्या भागांना) ती चालत नाही, त्यांना डाय पेनिट्रंट (तड्यात शिरणारा रंग) लागतं. मॅग्नेशियमवर पांढरी पूड दिसली की ती नुसती पुसून रंग मारू नका. खाली खड्डे किती खोल आहेत ते आधी पाहा.

बोल्टचे आटे भार घेऊ लागले की

ब्रॅकेटच्या भोकात बोल्टचा गुळगुळीत भाग बसला पाहिजे. आटे आत आले, तर भोक हळूहळू कानशीने घासल्यासारखं मोठं होतं आणि गाडीची दिशा रोज थोडी बदलते. योग्य लांबीचा बोल्ट घ्या, लांब असेल तर टोक कापा. हाताने सहज फिरणारा जुना नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) फेकून द्या. ब्रेक डिस्कजवळ आणि एक्झॉस्टजवळ नायलॉक वापरूच नका, उष्णतेने त्यातलं नायलॉन मऊ पडतं. तिथे पूर्ण धातूचा लॉकनट लागतो.

रॉड एंडचे आटे निदान व्यासाच्या दीडपट आत असावेत. कॅम्बर वाढवण्याच्या नादात रॉड एंड बाहेर काढत नेला आणि शेवटच्या चार आट्यांवर लटकलेला राहिला, हे मी एकाहून अधिक गाड्यांत पाहिलंय. रॉड एंड एकाच बाजूने धरलेला असेल, तर मोकळ्या टोकाला त्याच्या गोळ्याहून मोठ्या व्यासाचा वॉशर हवाच. गोळा निसटला तरी वॉशर त्याला सोडत नाही.

सरळ रस्त्यावर इंजिन मरतं

हा दोष शोधण्यात माझा अख्खा हंगाम गेला. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी इंजिन दम टाकायचं, वळणात पुन्हा सावरायचं. मी कॉइल बदलली, पॉइंट बदलले, कार्ब्युरेटर तीनदा खोलला. शेवटी टाकी रिकामी केली, तर आतल्या फोमची माती झाली होती. चिमटीत धरला की ओल्या पिठासारखा चुरायचा, आणि तोच चुरा पिकअपच्या जाळीवर लिंपून बसला होता. आल्टरनेटरपासून टाचणीपर्यंत सगळं तपासलं, टाकी मात्र उघडली नव्हती.

रेसिंगच्या टाकीतली रबरी पिशवी आणि फोम यांना आयुष्य असतं. जागतिक मोटर रेसिंग संघटना एफआयएच्या एफटी३ दर्जाच्या पिशवीची मूळ मुदत ५ वर्षांची. विकणाऱ्याने टाकी चांगली आहे असं सांगितलं तरी उघडून पाहा, आणि टाकीचा श्वासमार्ग मोकळा आहे का तेही. दोष ओळखायची एक साधी खूण सांगतो: विजेचा दोष असला की इंजिन कुणीतरी बटण दाबल्यासारखं तुटतं, पेट्रोल कमी पडत असलं की ते हळूहळू दम सोडतं.

नवं इंजिन मंद आचेवर ठेवणं

केंटसारख्या पुशरॉड इंजिनात कॅमच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) टेकाडावर सपाट टॅपेट घासत चालतो. इंजिन नवं बांधलं की पहिल्यांदा सुरू होताच साधारण २००० ते २५०० आरपीएमवर वीसेक मिनिटं चालवावं लागतं, म्हणजे कॅमवर तेल पुरेसं उडतं. कौतुकाने आयडलवर ठेवून आवाज ऐकत बसलात, तर टेकाडं तिथेच घासली जातात. तेलही झिंकचं प्रमाण भरपूर असलेलं घ्या. आजच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या तेलात ते कमी केलेलं असतं. सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टर फिरवा आणि गेजवर तेलाचा दाब दिसेपर्यंत थांबा. ड्राय सम्पच्या (तेल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या) गाडीत हे जरा जास्त वेळ घेतं. रेडिएटर बऱ्याचदा नाकात असतो, म्हणून पाणी भरताना सगळ्यात उंच जागेची हवा सुटली का ते पाहा. उभ्या गाडीला वारा लागत नाही, तेव्हा समोर मोठा पंखा लावा.

गिअर निसटतो म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. आधी गिअरच्या दांडीचे सांधे हलवून पाहा. तिथे खेळ असला की डॉग, म्हणजे गिअर अडकवणारे दाते, अर्धेच अडकतात, आणि मग त्यांचे कोपरे खरोखरच झिजतात.

ब्रेक

पेडल पहिल्या दाबात लांब जातं आणि दुसऱ्या दाबात घट्ट लागतं, तर हवा काढत बसण्याआधी चाकाचे बेअरिंग आणि डिस्कची डगमग पाहा. डिस्क हलते आणि पॅडला मागे ढकलते. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडरची सील गेलीत. दर फेरीला ब्रेकचा तोल बदलत असेल, तर बॅलन्स बार (पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये जोर वाटणारा दांडा) कुठेतरी अडकतोय. तो पेडल दाबल्यावरही बाजूला टेकता कामा नये. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक तेलाचा उकळबिंदू ताजं असताना किमान २३० अंश असतो, ओल धरली की दर्जाप्रमाणे १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. म्हणून तेल दर हंगामाला नवं.

आणि आता सेटअप

क्रम असा ठेवा: टायर, उंची, चार कोपऱ्यांचं वजन, कॅम्बर, टो. उंची किंवा कॅम्बर पुन्हा बदलला तर टो पुन्हा मोजा. कडक झालेल्या जुन्या टायरवर केलेला सेटअप काहीच सांगत नाही. गाडी दोन्ही टोकांनी घसरत असेल, तर टायरवरची तारीख आधी वाचा.

वजन करताना चालक सीटवर असावा, टाकी अर्धी असावी, अँटी-रोल बार सुटा असावा आणि चाकांखालचे वजनकाटे एका पातळीत. समजा पुढचं डावं १०५ किलो, पुढचं उजवं ११५, मागचं डावं १६०, मागचं उजवं १४०. एकूण ५२०. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून २७५, म्हणजे जवळपास ५३ टक्के. ही गाडी डावीकडच्या वळणात पुढून वाहणार आणि उजवीकडे मागून सुटणार. सुरुवातीची तक्रार ती हीच. जड कर्णाच्या दोन स्प्रिंगांच्या चकत्या (स्प्रिंग ज्यांवर टेकते त्या, फिरवून वर-खाली होणाऱ्या) अर्धा फेरा खाली, दुसऱ्या कर्णाच्या अर्धा फेरा वर. असं केलं की उंची फारशी हलत नाही. प्रत्येक बदलानंतर गाडी थोडी पुढे-मागे ढकला, मगच आकडा वाचा. डाव्या-उजव्या बाजूचं एकूण वजन चकत्यांनी बदलत नाही, त्यात वेळ घालवू नका.

आता इथे थांबून बघा. दोन्ही कर्ण सारखे करायला एका बाजूची चकती दुसरीपेक्षा बरीच वर न्यावी लागली का? मग दोन स्प्रिंगांपैकी एक बसलेली आहे, किंवा चॅसिसला पीळ आहे. वजनाचे आकडे जुळले म्हणून पुढे गेलात, तर तो दोष ट्रॅकवर परत भेटेल. स्प्रिंगा काढून उभ्या ठेवा, लांबी मोजा, सारख्याच वजनाखाली किती दबतात ते पाहा. अँटी-रोल बार शेवटी जोडा, चालक बसलेला असताना आणि दांड्यांवर कुठलाही ताण नसताना.

टो दोरीने मोजा. दोरी गाडीच्या मध्यरेषेला समांतर हवी, चाकांना नव्हे. बम्प स्टिअर (चाक वर-खाली होताना टो बदलणं) मोजायला स्प्रिंग काढून चाक २५ मिलिमीटर वर आणि तेवढंच खाली न्या, टो किती बदलतो ते लिहा. स्टिअरिंग रॅकच्या खाली एक-दोन वॉशर बदलून हा बदल खूपच कमी करता येतो, आणि खडबडीत जागी गाडी एकदम शांत होते.

पहिल्या दिवशी दोनच फेऱ्या मारून आत या. जोडताना प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने आवळल्यावर नट आणि ब्रॅकेटवरून पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढलेली असावी. कोपऱ्याकोपऱ्याने बॅटरी मारून त्या रेघा बघत फिरा. जिथे रेघ तुटलेली दिसेल, तो नट नुसता आवळू नका. उघडा, आटे बघा, भोक बघा, मगच परत ट्रॅकवर.