फोटोजर्नालिस्ट व्हायचंय? आधी कॅप्शन लिहायला शिका

कॅमेरा कुठला घेऊ हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, तो आधी उरकून टाकते. सेकंडहँड बॉडी चालते, एक ३५ मिमीची लेन्स, दोन कार्ड, एक्स्ट्रा बॅटरी, बास. ३५ अशासाठी की तिच्यामुळे माणसाच्या जवळ जावंच लागतं, आणि तो कुठे उभा आहे, आजूबाजूला काय चाललंय तेही फ्रेममधे येतं.

आता खरं काम, कॅप्शन, म्हणजे फोटोखालची माहितीची ओळ. फोटो काढला की लगेच त्या माणसाला पूर्ण नाव विचारा, स्पेलिंगसकट, मग जागा, तारीख, काय घडतंय ते सगळं वहीत लिहा आणि वहीच्या त्या पानाचाच एक फोटो काढून ठेवा म्हणजे ते बरोबर त्या फोटोंच्या शेजारी सापडतं. रात्री ऑफिसला फोटो पाठवताना आठवेल असं वाटतं, पण नाही आठवत हो. आणि चुकलं की किती महाग पडतं बघा, २०१५ मधे वर्ल्ड प्रेस फोटो या बातम्यांच्या फोटोंच्या जागतिक स्पर्धेने बेल्जियममधल्या शार्लरॉय शहरावरच्या एका स्टोरीचं पहिलं बक्षीस काढून घेतलं, कारण त्यातला एक फोटो ब्रुसेल्समधला निघाला. त्याच वर्षी शेवटच्या फेऱ्यांपर्यंत पोचलेल्यांपैकी साधारण २० टक्के एन्ट्री एडिटिंगमधल्या फेरफारामुळे बाद झाल्या. म्हणून क्रॉप करा, उजेड थोडा कमीजास्त करा, पण फ्रेममधली साधी वायरसुद्धा पुसायची नाही, "परत एकदा हात वर करा ना" असं कोणाला म्हणायचं नाही, आणि ओरिजनल रॉ फाईल (कॅमेऱ्यातून आलेली, काहीच न बदललेली) कधीच डिलीट करायची नाही.

काम मिळतं कसं? सुटे सुंदर फोटो पाठवून फारसं काही होत नाही, स्टोरी लागते. आपल्याला रोज जाता येईल असा एक विषय धरा आणि तिथे परत परत जा. पहिल्या दिवशी सगळे कॅमेऱ्याकडे बघतात, चौथ्या-पाचव्या खेपेला आपापल्या कामाला लागतात, तिथून पुढचे फोटो खरे. त्यातले दहा-बारा निवडा, चार ओळींची माहिती लिहा आणि फोटो एडिटरला मेल करा. उत्तर नाही आलं तर आठवड्याने परत मेल करा.

सही करायच्या आधी कॉन्ट्रॅक्टमधे कॉपीराइट कोणाकडे राहतो ते वाचाच. १९४७ मधे रॉबर्ट कापा, कार्तिए-ब्रेसाँ वगैरे फोटोग्राफरांनी मॅग्नम ही स्वतःची फोटो एजन्सी काढली त्यामागे फोटोवरचा हक्क फोटोग्राफरकडेच राहावा हे मोठं कारण होतं. क्रेडिटचंही तेच. भारतातल्या पहिल्या महिला फोटोजर्नालिस्ट होमाई व्यारावालांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या नवऱ्याच्या नावाने छापले जायचे, हे वाचलं की मला अजून वाईट वाटतं, तर फाईलच्या मेटाडेटात (फोटोच्या फाईलमधेच साठवलेल्या माहितीत) आपलं नाव आणि कॅप्शन दोन्ही भरूनच पाठवत जा.

दंगल, पूर, मोर्चा असेल तर आधी फर्स्ट एडचा कोर्स करा, कुठे जाताय आणि किती वाजता फोन करणार ते घरी किंवा डेस्कला, म्हणजे ऑफिसातल्या संपादन विभागाला, सांगा. एकटे घुसू नका. चेहरा छापल्यामुळे कोणी अडचणीत येणार असेल तर तो फोटो थांबवा, एडिटरशी बोला.

आणि छापून आलं की त्या माणसांना नेऊन दाखवा. माझ्या कॅप्शनमधली आडनावाची चूक एका आजींनी अशीच दाखवली होती, त्याच दिवशी डेस्कला फोन करून दुरुस्ती करून घेतली.