10 बाय 14 च्या हॉलमध्ये स्टिरिओ नीट कसा बसवायचा

आधी कबुली देतो. दोन वर्षांत दोन अँप (अँम्प्लिफायर, स्पीकरला ताकद पुरवणारा डबा) बदलले मी, दुसरा तर दिवाळीचा बोनस हातात पडल्या पडल्या, थेट दुप्पट वॅटचा. तरी डग्गा आपला घुमतोच आहे. बोल कळायचे नाहीत, नुसतं रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखं धुम धुम. मग एका रविवारी मागचा केर काढायला सोफा भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढला, गाणं चालूच होतं, दम खायला जरा टेकलो त्याच्यावर, आणि डग्गा एकदम मोकळा! अँप बिचारा निर्दोष होता. तेव्हा जे आत्ता नवा अँप घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायच्या तयारीत आहेत त्यांनी हे वाचून मग काय ते ठरवा.

काय होतं ना, समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक खालचे सूर अडकतात आणि फुगतात. कुठले ते काढायला मोजपट्टी पुरते. खोलीच्या लांबीची दुप्पट करा, फुटात, आणि 1140 ला तिने भागा (आपल्याकडच्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण तेवढे फूट जातो). 14 फुटांचे आले 41 हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपनं, आकडा लहान तितका सूर खालचा), आणि त्याच्या दुप्पट 81 वर परत तोच गोंधळ. 10 फूट रुंदीचे 57. साडेनऊ फूट उंचीचे 60. आता हे 57 आणि 60 बघा, शेजारी शेजारी पडले, म्हणजे तिथे दोघांची मिळून एक गुठळी होते. आमच्याकडे बाजूच्या भिंतीला दिवाण आहे, आई तिथे बसते आणि तानपुरा फार बोलतो म्हणून तक्रार करते. पांढरी सातला (पेटीची सातवी पांढरी पट्टी) लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालची तार, 62 च्या आसपास येतो, त्यामुळे तिचं काही चुकत नाही, ती बसते तिथे खरंच जास्त ऐकू येतो.

हे सूर भिंतीपाशी सगळ्यात जोरात असतात. आणि मुंबईत सोफा कुठे असतो? भिंतीला चिकटून. म्हणून पहिलं काम फुकटातलं, ऐकताना सोफा पुढे घ्या. 14 फुटांच्या खोलीत मागच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर तो 81 वाला सूर जवळजवळ दबतो. रोज एवढा ओढणं जमत नसेल तर दोन फूट घ्या, तेवढ्यानेही कळतं. फक्त लांबीच्या बरोबर मध्यावर बसू नका, तिथे 41 गायब होतो आणि आवाज पोकळ वाटतो. मी सोफ्याच्या पायांच्या जागी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्यात, ऐकायचं असलं की पुढे, पाहुणे आले की मागे.

पटत नसेल तर फोनवर टोन जनरेटरचं एखादं फुकट अॅप घ्या, फोन अँपला जोडा (फोनच्या स्वतःच्या स्पीकरमधून हे सूर येतच नाहीत), आवाज बारीक ठेवा आणि 30 पासून 150 पर्यंत हळूहळू चढत जा. मध्येच एखादा सूर अंगावर आल्यासारखा फुगेल. तो आकडा लिहून ठेवा, तोच सूर चालू ठेवून खोलीत चालत फिरा, दोन पावलांत आवाज कमी-जास्त होतो ते बघून माणूस चाटच पडतो.

आता स्पीकर. शक्यतो अरुंद भिंतीपाशी ठेवा म्हणजे आवाज लांबीकडे जाईल, दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण धरा, साधारण सहा-सहा फुटांचा, आणि दोन्ही बाजूच्या भिंतींपासून अंतर सारखं. टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबू नका, अगदी इलाजच नसेल तर निदान कप्प्याच्या कडेच्या पुढे काढून ठेवा. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला हवा. सोफ्यावर बसलं की कान जमिनीपासून 36 ते 38 इंचांवर येतो, पण बैठक घालून गादीवर ऐकणारे असाल तर आधी स्वतःचं माप घ्या, ते बरंच खाली येतं. विकतचे स्टँड महाग आहेत. ओट्याच्या ग्रॅनाइटमध्ये सिंकसाठी भोक पाडतात ना, त्यातून निघालेला चौकोनी तुकडा कारागिराकडे असाच पडलेला असतो, बिल्डिंगमध्ये कुणाचं किचनचं काम चालू असेल तर मागून ठेवा. जड, सपाट, जाड रबरी पॅड घालून वर स्पीकर, हलत नाही.

स्पीकरला मागच्या बाजूला भोक असेल आणि भिंतीपासून लांब ठेवायला जागाच नसेल तर त्या भोकात मोज्याची गुंडाळी घाला. हसू नका, कंपन्यासुद्धा काही मॉडेलबरोबर फोमचं बूच देतात, काम तेच. धुतलेला मोजा घ्या एवढंच.

मग वायर बघा. एका स्पीकरचा प्लस-मायनस उलटा लागला की खालचा आवाज मरतो आणि गाणारा मधोमध उभा राहायच्या ऐवजी खोलीभर पसरतो. जुनं मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारं) रेकॉर्डिंग लावा, आवाज दोघांच्या बरोबर मधून यायला हवा. वायरवर हजारो रुपये घालवू नका, लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात 2.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची दोन कोरची फ्लेक्सिबल मागा, घरातल्या अंतराला पुष्कळ झाली. वॅटचंही तेच, 50 चे 100 केले की वाढतात जेमतेम 3 डेसिबल (आवाजाच्या जोराचं माप), म्हणजे थोडंसंच, आणि घरात आपण ऐकतो तेव्हा बरेचदा एक-दोन वॅटच जात असतात. खोक्यावर पीएमपीओ (फुगवून सांगितलेले वॅट) लिहिलेलं असेल तर तो आकडा वाचूच नका.

भिंतींचं म्हणाल तर अंड्यांचे ट्रे लावू नका. काही होत नाही, झुरळं मात्र होतात. जाड गोधडी बाजूच्या भिंतीवर टांगली तर वरचा किणकिणाट कमी होतो. ती कुठे टांगायची ते असं बघा, तुम्ही सोफ्यावर बसा, दुसऱ्याला आरसा घेऊन भिंतीलगत सरकायला सांगा, आरशात स्पीकर दिसला की तीच जागा. खालच्या सुरांवर गोधडी चालत नाही, त्याला जाडी लागते. कोपऱ्यात गाद्यांच्या वळकट्या उभ्या केल्या तर थोडाफार फरक पडतो, त्याहून बरं म्हणजे चार इंची रॉकवूल (दगडापासून केलेल्या लोकरीची जाड पाटी) कापडात शिवून कोपऱ्यात उभं करायचं. कापड मंगलदास मार्केटमधून घ्या आणि तोंडासमोर धरून फुंकून बघा, हवा आरपार गेली पाहिजे. रॉकवूल कापताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, मी बनियनवर बसलो होतो, दोन दिवस खाजवत होतो. तरीही 57 न् 60 पूर्ण जात नाहीत. मग रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर आणि एक मापायचा माइक घेऊन जो सूर फुगलाय तेवढाच ईक्यूमध्ये (इक्वलायझर, एकेका सुराचा जोर कमी-जास्त करणारी सोय) पाच-सहा डेसिबल खाली आणा. जिथे सूर दबून आलेखात खड्डा दिसतो तो मात्र वर ओढत बसू नका, अँप दमतो आणि खड्डा तसाच राहतो.

एवढं करूनही नवीन काही घ्यायचंच असेल तर घ्या, कोण अडवतंय. चोर बाजारात जुना अँप बघताना मागचा व्होल्टेज सिलेक्टर आधी बघा, जपानच्या बाजारातला 100 व्होल्टचा असतो, अमेरिकेतला 120 चा, आपल्या 230 ला तसाच लावलात तर धूर. जुन्या स्पीकरचा कोन (समोरचा हलणारा पडदा) दोन बोटांनी हलकेच दाबा, खरखर लागली तर पुढच्या दुकानात. कोनच्या कडेला फोमचं रिंगण असेल तर ते आपल्या दमट हवेत सुटून हातात येतं, रबराचं बरं. आणि अँपमधून सतत घूं आवाज येत असेल तर सेट टॉप बॉक्सची केबल काढून बघा, आवाज थांबला तर दोष त्या केबलवाटे येणाऱ्या अर्थिंगचा. घूं घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे महाभाग मी पाहिलेत, ते अजिबात करू नका.

शेवटी खडखडाट शोधा, पण दिवसा, कारण बारीक आवाजात सगळा खडखडाट सापडत नाही आणि रात्री दहानंतर शेजारच्या काकू भिंतीवर लाटणं आपटतात. टोन जनरेटरवर 40 ते 120 सावकाश फिरवत एकेका वस्तूवर हात ठेवत जा. शोकेसची काच, स्लायडिंग खिडकी, ट्यूबलाइटची पट्टी, लोखंडी कपाटाचं दार, वरचे स्टीलचे डबे. हात ठेवल्यावर आवाज थांबला की तिथे फेल्टचा तुकडा चिकटवा. आमच्याकडे सगळं बंद करून झालं तरी 73 ला काहीतरी किणकिणत होतं, अर्धा तास शोधलं, शेवटी देव्हाऱ्यातली घंटा निघाली. आईने तिच्याखाली वातीचा कापूस ठेवला.