सॉकेट जुळला, तरी पडद्यावर काही येईना

नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरील एका दुकानात मी संगणक दुरुस्तीचे काम शिकलो. स्वतः जुळवलेला माझा पहिला पीसी सिडकोतील एका विद्यार्थ्याचा होता. त्यासाठी बी४५० चिपसेटचा (बोर्डावरील भागांचा प्रोसेसरशी संपर्क सांभाळणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड, एएमडी कंपनीचा रायझेन ५ ५६०० प्रोसेसर आणि, या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसल्यामुळे, वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतले होते. बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही एएम४ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा) असल्याने मी निश्चिंत होतो. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवताच तो जराही जोर न लावता आत बसला आणि पंखेही फिरू लागले. पडदा मात्र काळाच राहिला. दोन दिवस मी रॅम आणि एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) बदलून पाहत राहिलो, पण दोष कोणत्याच भागात नव्हता. बी४५० बोर्ड २०१८ मध्ये बाजारात आले आणि हा प्रोसेसर २०२२ मध्ये. दुकानात बराच काळ पडून असलेल्या त्या बोर्डावरील जुना बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा बोर्डातच साठवलेला मूळ प्रोग्रॅम, या प्रोसेसरला ओळखतच नव्हता. अखेर जुना रायझेन तात्पुरता बसवून बायोस अपडेट केला, तेव्हा यंत्र सुरू झाले.

म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, खरेदीपूर्वी बोर्डाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरची यादी उघडावी; तिथे प्रत्येक प्रोसेसरपुढे बायोसची किमान आवृत्ती दिलेली असते.

रॅमच्या बाबतीत फसगत वेगळ्या प्रकारे होते. डेस्कटॉपच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असतात, लांबीही सारखीच दिसते. परंतु मधली खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही, आणि बसत नाही म्हणून दाबू तर स्लॉट तुटतो. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, त्यामुळे नुसता प्रोसेसर पाहून रॅम घेता येत नाही.

एम.२ स्लॉटचेही (बोर्डावर पट्टीसारखी एसएसडी, म्हणजे साठवणुकीची ड्राइव्ह, थेट बसवायच्या जागेचेही) तसेच आहे: काही स्लॉट फक्त साटा या जुन्या, संथ जोडणीची एसएसडी चालवतात आणि त्यात एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एसएसडी घट्ट बसूनही संगणकाला दिसत नाही. एसएमपीएसमध्ये वॅट तर पाहावेतच, पण प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिनची वायर वेगवेगळी असते, हेही ध्यानात ठेवावे. मी आजही सुटे भाग मागवण्याआधी बोर्डाचे पूर्ण नाव, खोक्यावरील रिव्हिजन (सुधारित आवृत्तीच्या) क्रमांकासह, वहीत उतरवून घेतो.