ब्लूटूथ लो एनर्जीचे किट हाती आल्यावर

ब्लूटूथ लो एनर्जी म्हणजे कमी विजेवर चालणारे ब्लूटूथ. त्याचे डेव्हलपमेंट किट, म्हणजे प्रयोगासाठीचा तयार बोर्ड, पहिल्यांदा संगणकाला जोडले तेव्हा बोर्डावरचा दिवा लागला, पण संगणकाला बोर्ड काही दिसेना. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकण्यात दुपार गेल्यावर लक्षात आले की हाताशी असलेली यूएसबी केबल निव्वळ चार्जिंगची होती, तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्याच. म्हणून नवोदितांनी आधी केबल तपासावी आणि मग एलईडी लुकलुकवणारा तयार प्रोग्राम, त्यात अक्षरही न बदलता, बोर्डावर चढवून पाहावा.

खरी शिकवणी अ‍ॅडव्हर्टायझिंगपासून सुरू झाली. उपकरण आपले अस्तित्व ३७, ३८ आणि ३९ या तीन चॅनलांवर जाहीर करते आणि २०१० च्या ब्लूटूथ ४.० पासून चालत आलेल्या पॅकेटात त्या मजकुराला जेमतेम ३१ बाइट मिळतात. मी स्वतःची १२८ बिटांची यूयूआयडी (उपकरणाच्या सेवेची ओळख सांगणारा क्रमांक) घातली, उपकरणाला ऐसपैस नाव दिले आणि अ‍ॅडव्हर्टायझिंग सुरूच होईना. कागदावर हिशेब मांडला तेव्हा उलगडा झाला: फ्लॅग्जचे (उपकरण शोधता येते का वगैरे सांगणाऱ्या खुणांचे) ३ बाइट, यूयूआयडीचे १८, नावाची लांबी व प्रकार सांगणारे २, म्हणजे नावाला उरतात ८. (देवनागरी नावाचाही मोह झाला होता, पण यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, ३ बाइट घेते, म्हणजे दोन चिन्हांतच नाव आटोपले असते.) नाव स्कॅन रिस्पॉन्समध्ये, म्हणजे फोनने विचारल्यावर उपकरण पाठवते त्या जादा पॅकेटात, हलवल्यावर ते फोनवरच्या स्कॅनर अ‍ॅपमध्ये पूर्ण दिसले.

सर्व्हिस (माहितीचा गट) आणि कॅरेक्टरिस्टिक (त्या गटातील एकेक मूल्य) यांची रचना वाचून समजते, त्यामुळे तिच्यात फार अडकू नये. मात्र क्लायंटने (येथे फोनने) सीसीसीडी या डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे कॅरेक्टरिस्टिकला जोडलेल्या सेटिंगमध्ये, १ लिहून परवानगी दिल्याशिवाय नोटिफिकेशन, म्हणजे नवे मूल्य कळवणारे संदेश, जात नाहीत, हे ध्यानात ठेवावे. शिवाय सर्व्हिस बदलूनही फोन जुनीच यादी दाखवत असेल, तर कोडवर संशय घेण्याआधी फोनचे ब्लूटूथ बंद करून पुन्हा सुरू करावे, कारण फोन ती यादी साठवून ठेवतो.

उपकरण बोलू लागले की काम झाले असे वाटते. माझ्या मते अवघड भाग त्याला गप्प बसवण्याचा आहे. सीआर२०३२ बॅटरीची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास असते. सरासरी २० मायक्रोअँपिअर वापरले तर कागदोपत्री ती ११,००० तास, म्हणजे सव्वा वर्ष पुरते. ५ मिलिअँपिअर घेणारा एकच दिवा सतत लागला तर ४४ तास. माझा प्रोग्राम झोपेतही शेकडो मायक्रोअँपिअर खात होता आणि दोष रेडिओचा नव्हता, तर लॉगसाठी (प्रोग्रामच्या नोंदी संगणकाला पाठवण्यासाठी) चालू राहिलेल्या यूआर्ट या सिरियल जोडणीचा होता. तो बंद करून अ‍ॅडव्हर्टायझिंगचे अंतर १०० मिलिसेकंदांवरून एका सेकंदावर नेले, तेव्हा आकडा आवाक्यात आला. हे मोजमाप यूएसबीच्या बाजूने घेऊ नये, कारण तेथे डीबगर चिपचा (प्रोग्राम चढवण्या-तपासण्यासाठी बोर्डावर असलेल्या दुसऱ्या चिपचा) वापरही मिसळतो. बोर्डावर चिपचा प्रवाह मोजण्यासाठी वेगळ्या पिना काढलेल्या असतील, तर मीटर तेथेच जोडावा.