ऊस शोधला की उसाच्या नोंदी येत नाहीत: कॉम्प्युटरवर आपल्या नोट्स कशा ठेवायच्या आणि कशा हुडकायच्या

सांगली साईडला नोंदी ठेवणाऱ्यांची काय कमी नाही. बागेच्या फवारणीचं शेड्यूल व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेलं, कारखान्याला गेलेल्या उसाचं टनेज डेस्कटॉपवर 'न्यू टेक्स्ट डॉक्युमेंट ४' मधे, विम्याचा पॉलिसी नंबर कुठल्यातरी मेलमधे. लिहून ठेवायला कुणी आळस करत नाही, अडतंय ते शोधताना, म्हणून मी उलट्या बाजूनं सांगतोय, आधी शोधायचं कसं ते ठरवा आणि मग त्याला जमेल असं लिहा.

फोल्डर एकच करा, नाव 'नोंदी'. शेती, त्यात द्राक्ष, त्यात २०२४, त्यात औषधं असली उतरंड लावायच्या भानगडीत पडू नका, कारण औषधवाल्याची उधारी शेतीत टाकायची का हिशेबात यावरच तुमची दहा मिनिटं जातात आणि सहा महिन्यांनी आपण काय ठरवलेलं तेच आठवत नाही.

फाईल साधी टेक्स्टची, नोटपॅडवाली. वर्ड वाईट नाही, पण साधी टेक्स्ट फाईल कुठल्याही मशीनवर, मोबाईलवरसुद्धा उघडते आणि शोधायला हलकी पडते. फक्त सेव्ह करताना खाली एन्कोडिंग (म्हणजे अक्षरं फाईलीत साठवायची पद्धत) म्हणून एक खाना असतो तिथं यूटीएफ-८ आहे का बघा. विंडोज १० च्या २०१९ मधल्या मे अपडेटपासून नोटपॅड नवीन फाईलला आपोआप तेच लावतं, जुन्या मशीनवर मात्र तिथं एएनएसआय असतं, आणि त्यात मराठी सेव्ह केलं की सगळी प्रश्नचिन्हं होतात, ती परत अक्षरं होत नाहीत.

नाव देताना तारीख पुढं आणि तारखेत वर्ष पहिलं, म्हणजे '२०२४-०४-१२ खरड छाटणी पलूस' असं. नावानं लावलं की आपोआप तारखेनं लागतं. आकडे मराठी घ्या नाहीतर इंग्रजी घ्या पण एकच काहीतरी धरा, कारण बहुतेक प्रोग्रॅमला मराठी दोन आणि इंग्रजी दोन ही वेगळी अक्षरं वाटतात, एकानं शोधलं की दुसरं येत नाही.

आता आत काय लिहायचं. जे झालं ते लिहाच, पण शेवटी एक ओळ जास्तीची टाका, अशी:

खरड छाटणी झाली, वरचा प्लॉट. टोळी तासगावची, पैसे निम्मे दिले, निम्मे पुढच्या बाजाराला. खालच्या चार ओळी राहिल्यात.
शोध: द्राक्ष, बाग, एप्रिल छाटणी, मजुरी, हजेरी, बाकी

वरच्या मजकुरात 'मजुरी' हा शब्दच नाही बघा, 'द्राक्ष' पण नाही, कारण लिहिताना आपल्याला सगळं माहीतच असतं. पुढच्या वर्षी शोधताना मात्र डोक्यात 'मजुरी किती दिली' एवढंच येणार. ही शेवटची ओळ म्हणजे सगळ्या पद्धतीतला खरा माल आहे, बाकी काय नाही केलं तरी एवढं करा.

शोधायला मी नोटपॅड प्लस प्लस वापरतो, फुकट आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ दाबलं की फाईंड इन फाईल्सची खिडकी येते, वर शब्द टाका, डिरेक्टरीत 'नोंदी' फोल्डर द्या, फाईंड ऑल दाबा, खाली सगळ्या फाईलींतल्या ओळी दिसतात, डबल क्लिक केलं की थेट तिथं. विंडोजचा स्वतःचा सर्च पण चालतो, पण फोल्डर डी ड्राईव्हला असेल तर तो बरेचदा नुसती नावं बघतो, आतला मजकूर नाही. विंडोजच्या इंडेक्सिंग ऑप्शन्स या सेटिंगमधे जाऊन ते फोल्डर जोडावं लागतं.

आणि आता मराठीची खरी गोची. 'ऊस' टाकून शोधलं तर 'उसाला पाणी दिलं', 'उसाचं बिल' यातलं काहीच येणार नाही, कारण तिथं पहिला उ ऱ्हस्व झाला. 'पाऊस' शोधला की 'पावसामुळं' राहिलं. 'विहीर' शोधली की 'विहिरीची मोटर' राहिली. इंग्रजीवाल्यांना हा ताप नाही एवढा. यावर उपाय, त्याच खिडकीत खाली सर्च मोडमधे रेग्युलर एक्स्प्रेशनवर टिक करा आणि मग 'ऊस|उसा' असं लिहा, मधली उभी रेघ म्हणजे 'हे किंवा ते'. पावसाला 'पाऊस|पावस', विहिरीला 'विह.र', त्यातलं टिंब म्हणजे तिथं कुठलंही एक अक्षर किंवा वेलांटी चालेल. नुसतं 'उस' टाकू नका, उसळीची रेसिपी आणि उसने पैसे पण येतात (उसने पैसे सापडले तर बरंच आहे म्हणा).

एवढं नको असेल तर शब्द अर्धाच टाका. 'बेदाणा' ऐवजी 'बेदाण', म्हणजे बेदाण्याचा, बेदाणे सगळं येतं. 'शेतकऱ्यांना' शोधायचं तर 'शेतक' वर थांबा, कारण तो चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे टाईप होतो, डोळ्याला सारखाच दिसतो पण आतून कोड वेगळा. 'ॲप' मधल्या ॲ चं पण तसंच. 'बँक' आणि 'बॅंक' चं पण तेच, घरात दोघंतिघं टाईप करत असतील तर आधीच ठरवून घ्या.

फोटोतला मजकूर असल्या शोधात येत नाही, म्हणून औषधाच्या बिलाचा फोटो असेल तर नाव नीट द्या, नाहीतर गूगल लेन्सनं मजकूर उचलून फाईलीत पेस्ट करा.

कॉपी दुसरीकडं ठेवाच. २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, तळमजल्यावरचं कपाट आणि त्याच कपाटातला पेनड्राईव्ह दोन्ही एकाच पाण्यात जातात. एक कॉपी गूगल ड्राईव्हवर आणि एक दुसऱ्या गावच्या पाहुण्यांकडं, बास.

राहिल्या जुन्या फाईली, शिवाजी किंवा श्रीलिपी फॉन्टमधल्या. त्या वाचताना मराठी दिसतात पण आत मराठी अक्षरं नसतातच, त्या फॉन्टची चिन्हं असतात, म्हणून त्यात काही शोधलं तरी सापडत नाही. युनिकोड कन्व्हर्टर (असला मजकूर खऱ्या मराठी अक्षरांत बदलणारे प्रोग्रॅम) मिळतात, त्यातनं काढा, जोडाक्षरं आणि रफार एकदा नजरेखालनं घाला, आणि मूळ फाईल लगेच डिलीट मारू नका.